नमुना सात आणि एकघरी घोडी

मंगळवारी सकाळी पावणेबारा वाजता आमची घोडी पशुनोंदणी कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, खिडकी क्रमांक चारसमोर, रांगेत उभी होती. तिच्या पुढे दोन माणसं होती आणि मागे पोपटाचा पिंजरा घेतलेले एक आजोबा. त्याच दिवशी, त्याच जागी, माझे बाबा आयुष्यात पहिल्यांदा एका साहेबांशी मोठ्या आवाजात बोलले.

यातलं काहीही घडलेलं नाही. तसं कार्यालयाचं लेखी पत्र माझ्याकडे आहे, जावक क्रमांक आणि गोल शिक्क्यासह. तेव्हा पुढे जे सांगतो आहे ते एका न घडलेल्या गोष्टीचं वर्णन आहे आणि ते तेवढ्याच गांभीर्याने वाचावं.

बाबा उद्यान खात्यातून चौतीस वर्षांनी निवृत्त झाले. घोडीही त्याच महिन्यात झाली. ती मोठ्या बागेत गवत कापायचं यंत्र ओढायची. खात्याच्या जडसंग्रह नोंदवहीत तिची नोंद 'रोलर, लोखंडी' आणि 'पाण्याची टाकी, गळकी' यांच्या मधे होती. बाबा तिला मॅडम म्हणायचे, कारण खात्यात वरच्या जागेवर असलेल्या सगळ्यांना ते साहेब किंवा मॅडमच म्हणत, आणि उंचीच्या हिशोबाने घोडी वरच होती. निरोपाच्या वेळी त्यांना विचारलं, भेट म्हणून भिंतीवरचं घड्याळ हवं की ब्रीफकेस? बाबा म्हणाले, "मॅडम." खात्याच्या प्रमुख बाई दचकल्या. मग कोणीतरी त्यांच्या कानात खुलासा केला.

आईला हे कळलं तेव्हा ती कपडे वाळत घालत होती. "एकतीस वर्षं संसार केला," ती चिमटा लावत म्हणाली, "मला एकदा 'चला मॅडम' म्हणाले नाहीत."

घोडीचा गेटपास निघायला चार दिवस लागले. ते चार दिवस मला नीट आठवतात. बाबा सकाळी साडेनऊला बूट घालून हॉलमधल्या खुर्चीत बसायचे आणि साडेपाचला बूट काढायचे. मधे काही नाही. पेपर नाही, टीव्ही नाही. आईने वाटीभर शेंगा सोलायला दिल्या तर सोलून, टरफलं मोजून परत दिल्या. पाचव्या दिवशी घोडी आली आणि बाबा बूट घालून खाली गेले ते दुपारपर्यंत वर आलेच नाहीत. सोसायटीच्या मागे सायकलींची शेड आहे. सायकली कोणी चालवत नाही, त्यामुळे शेड रिकामी. बाबा तिथे मॅडमना खरारा करत उभे होते आणि चक्क बोलत होते. कोणत्या पंपाचा वॉल्व्ह कधी बदलला, कोणत्या अधिकाऱ्याचं भाषण कोणी लिहून दिलं होतं. घोडी कान हलवत होती. चौतीस वर्षांत आम्हालाही न सांगितलेल्या गोष्टी होत्या त्या.

आठ दिवसांनी सेक्रेटरी आले. आमचे सेक्रेटरी सज्जन आहेत, वाईट बातमी द्यायची असली की आधी पाणी मागतात. त्यांनी दोन ग्लास मागितले तेव्हाच मी समजलो.

"नियमात कुत्रा आहे, मांजर आहे, मासे आहेत," ते म्हणाले. "घोडा परवानगीच्या यादीत नाही. मनाईच्या यादीतही नाही. हेच तर अवघड आहे हो. मनाई असती तर मी डोळेझाक केली असती. आता मला वर विचारावं लागलं."

"आणि वरून काय आलं?"

"तीस दिवस. तेवढ्यात नोंदणीचा दाखला आणा. नाहीतर कोंडवाडा."

कोंडवाड्याच्या पुढे काय, हे त्यांनी दिलेल्या पत्रकात लिहिलेलं नव्हतं. बाबांनी कागद उलटून मागची बाजू पाहिली. कोरी होती. छापील गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्या माणसाला कोऱ्या पानाची जेवढी भीती वाटते, तेवढी आपल्याला वाटत नसेल.

मी म्हणालो, एक दाखला तर काढायचाय, मी बघतो. मी एका कंपनीत इतरांची प्रेझेंटेशनं नीट करून देतो, त्यामुळे मला जगातलं कुठलंही काम सहा स्लाइडचं वाटतं.

बातमी जिन्यावरून खाली पोचायच्या आत सल्ले वर पोचले. वरच्या मजल्यावरच्या मावशी म्हणाल्या, घोडीला शेडमध्ये आडवी झोपवा, म्हणजे लांबून मोठा कुत्रा वाटेल. घोडा उभ्याने डुलकी काढतो, असं मी सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मग सवय लावा ना. माझ्या जावयालाही आधी बसून झोपायची सवय होती." खरा उपयोगी सल्ला वकीलकाकांनी दिला. वकीलकाका वकील नाहीत, औषधाच्या दुकानात होते. पण औषधाच्या डबीतली ती बारीक घडीची चिठ्ठी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणारे ते माझ्या पाहण्यातले एकमेव गृहस्थ आहेत. त्यांनी पत्रक भिंगातून पाहिलं.

"नुसता घोडा चालत नाही," ते म्हणाले. "जात सिद्ध करावी लागेल. मूळ कुठलं, गुण काय, उपयोग काय. नमुना सात भरा. आणि एक सांगतो, काळ्या शाईने भरा. निळ्या शाईचे अर्ज ते वाचत नाहीत, नुसते बघतात."

मूळ बाबांना माहीत होतं. त्यांनी ते शेडमध्ये, घोडीच्या समोरच सांगितलं, जणू तिचीही संमती हवी.

"ही एकघरी जात. फार लांब एक थंड खोरं आहे. जमीन दगडाळ, लोक गरीब. घरटी एकच घोडा परवडायचा, म्हणून एकघरी. श्रीमंतांकडे दहा घोडे, दहांना दहा कामं. इथे एकाच घोड्याने नांगर ओढायचा, बाजाराला गाडी न्यायची, सुट्टीच्या दिवशी शर्यतीत पळायचं, बाळंतिणीसाठी डॉक्टरीण आणायची, आणि कोणी गेलं तर शेवटची गाडीही त्यानेच ओढायची. पहाटे नांगराला नाही म्हणालेलं जनावर लोक विकून टाकायचे. जे कशालाच नाही म्हणालं नाही, त्याचीच पैदास पुढे चालली. अशी पिढ्यान्‌पिढ्या निवड झाली."

"म्हणजे स्वभाव म्हणून नव्हे, निवडून निवडून आज्ञाधारक?"

"आज्ञाधारक नाही रे," बाबा म्हणाले. "उपयोगी."

मी वाचनालयात जाऊन पुस्तक शोधलं. घोड्यांच्या जातींवर सहाशे पानं होती. शर्यतीच्या घोड्यांना चाळीस पानं, राजांच्या घोड्यांना पंचावन्न, एकघरीला पाऊण. त्यातही अर्ध्या पानावर चित्र. मजकूर असा: 'आखूड कान, रुंद छाती, मानेपासून शेपटीपर्यंत पाठीवर गडद रेघ. शांत, काटक, थोड्यात भागवणारा, दीर्घायुषी. सर्व कामांस योग्य. दोष आढळलेला नाही.' एखाद्याबद्दल इतकं चांगलं मी आतापर्यंत फक्त नोकरीच्या अर्जात वाचलं होतं, आणि ते त्याने स्वतःच लिहिलेलं होतं. रेघ मॅडमच्या पाठीवर होती, अगदी पट्टीने मारल्यासारखी. पानाची प्रत काढली आणि मला वाटलं, संपलं काम.

नमुना सातच्या शेवटी पाच चौकोन होते. जनावराचा उपयोग: सवारी, ओढकाम, शेतकाम, शर्यत, प्रदर्शन. खाली ठळक अक्षरात, 'कोणत्याही एकाच चौकोनात खूण करावी. एकाहून अधिक खुणा आढळल्यास अर्ज रद्द समजला जाईल.'

बाबांनी त्या पाच चौकोनांवरून एकेक करत बोट फिरवलं. मग म्हणाले, "चूक आहे हे."

"फॉर्म आहे, बाबा. टाकू सवारीवर खूण."

टाकली. नवव्या दिवशी खात्री करायला निरीक्षक आले. हातात फायलीचा पुठ्ठा, गळ्यात शिट्टी. शिट्टी कशाला होती, ते शेवटपर्यंत कळलं नाही. शेडमागच्या मैदानात सगळी सोसायटी जमली. सवारी म्हटल्यावर स्वार हवा आणि बाबांची कंबर दुखत होती, म्हणून मी. वकीलकाकांनी कुठूनतरी जुनं खोगीर आणलं होतं. रिकिबीत पाय घातला, बसलो. समोरच्या बाल्कनीत शाळेत माझ्या वर्गात असलेली एक मुलगी केस वाळवत उभी होती, एवढंच सांगतो.

मॅडम चालू लागल्या. मैदानाच्या एका कडेने सरळ गेल्या, कुंपणाशी वळल्या आणि आल्या तशा परत निघाल्या. फक्त यंत्राच्या पात्याच्या रुंदीएवढ्या बाजूला. पुन्हा कुंपण, पुन्हा वळण, पुन्हा एक पट्टा. मला कळलं तेव्हा उशीर झाला होता. ती गवत कापत होती. अकरा वर्षं तिने हिरव्या जमिनीवर दुसरं काही केलंच नव्हतं. मी लगाम ओढला, हात वर केले, शेवटी विनंती केली. एकाही पट्ट्यात तसूभर फरक पडला नाही. चौथ्या पट्ट्यावर मावशी माझ्याबरोबर चालत चालत जावयाची तक्रार सांगून गेल्या. सातव्या पट्ट्यावर पोस्टमनने मला पत्रं दिली आणि चालत पुढे निघून गेला. घोड्यावर बसलेल्या माणसाला पायी माणसाने मागे टाकण्याचा हा प्रसंग इतिहासात कमी वेळा आला असावा. मैदान पूर्ण व्हायला त्रेपन्न मिनिटं लागली. मधे उतरायला ती थांबलीच नाही.

"ही सवारी नाही," निरीक्षक लिहिता लिहिता म्हणाले. "यंत्र नसतानाचं ओढकाम आहे."

दुसरा अर्ज, ओढकाम. सेक्रेटरींची गाडी तीन महिने बंद होती, तिला दोरी बांधली. मॅडमने ती सहज ओढली, अगदी कौतुक वाटावं अशी. पण सेक्रेटरी आत सुकाणू धरून बसले होते, त्यांचा धक्का लागून गाडीतला रेडिओ सुरू झाला, आणि लागला तो नेमका बँड. बागेच्या उद्घाटनांना पाहुण्यांच्या पुढे कोण चालायचं, असं तुम्हाला वाटतं? मॅडमने मान ताठ केली, गुडघे छातीपर्यंत उचलले आणि गाडीसकट सगळ्या सोसायटीला मानवंदना देत एक फेरी काढली. सेक्रेटरींनी नकळत काचेतून हात हलवला.

"हे प्रदर्शन आहे," निरीक्षक म्हणाले.

तिसरा अर्ज, प्रदर्शन. प्रदर्शनाला जनावर दहा मिनिटं स्थिर उभं राहावं लागतं. सातव्या मिनिटाला तळमजल्यावरच्या जुळ्या मुली खाली बसून तिच्या पायांना चिकटल्या, तर ती हळूच वाकली, त्यांना पाठीवर चढवून घेतलं आणि काही पडझड न होता त्यांच्या दारापर्यंत सोडून आली. "ही तर सवारी!" निरीक्षकांचा आवाज चढला. त्यांनी शिट्टी तोंडात घेतली, पण वाजवली नाही. मला वाटतं, ती नेमकी कशासाठी वाजवायची, हे त्यांनाही त्या क्षणी सुचेना.

बाविसाव्या दिवशी निर्णय आला. 'सदर जनावर जातिवंत असल्याचे आढळले. तथापि ते कोणत्याही एका कामास वाहिलेले नाही. सबब निरुपयोगी. नोंदणी नाकारण्यात येत आहे.'

बाबांनी कागद वाचला, घडी घातली, पुन्हा उघडला. मग आत जाऊन कपाटातून त्यांचं सेवापुस्तक काढून आणलं आणि पान अठरा माझ्यासमोर धरलं. बढती नाकारल्याचा शेरा होता, वीस वर्षांपूर्वीचा. 'सर्व शाखांचे काम करतात. कोणत्याही एका शाखेचे नाहीत. कनिष्ठ पदावर कायम ठेवावे.'

"पंप दुरुस्त केले, रोपं मोजली, टायपिंग केलं, पहारेकरी आजारी असला की पहारा केला," ते म्हणाले. "समितीने विचारलं, तुमची शाखा कोणती? मला सांगता आलं नाही." मग पुस्तक मिटलं. "माझं जाऊ दे. पण निरुपयोगी असं त्यांनी मलाही लिहिलं नव्हतं."

त्या संध्याकाळी ते शेडमध्ये गेले, पण घोडीशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला बूट घालून हॉलमधल्या खुर्चीत बसले.

आई माझ्याकडे आली. "अपील असतं ना रे काहीतरी? कर. घोडी गेली तर हे त्या खुर्चीतून उठायचे नाहीत. म्हणोत तिला मॅडम, म्हणू देत."

अपील केलं. सुनावणीचं पत्र आलं, मंगळवारचं. आणि इथे जी चूक झाली ती फक्त माझ्या बाबांच्याच हातून होऊ शकत होती. पत्राच्या तळाशी छापील ओळ होती: 'अर्जदाराने संबंधित जनावरासह दुसरा मजला, खिडकी क्रमांक चार येथे समक्ष हजर राहावे.' तुम्ही-आम्ही अशा ओळी वाचत नाही. बाबांनी त्या ओळीखाली पट्टी धरून रेघ मारली.

मंगळवारी कार्यालयातल्या लिफ्टपाशी मी त्यांना थांबवायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, "लिफ्टने नाही. पाटी वाच, 'सामानासाठी नाही'. जिन्याने." जिन्यापाशी बसलेल्या पहारेकऱ्याने वही पुढे केली. "किती जण?" बाबा म्हणाले, "तीन." त्याने मान वर न करता तीन लिहिलं. जिना रुंद होता, सरकारी. मॅडम एकेक पायरी नीट पाहून चढल्या. मधल्या वळणावर एक कारकून फायली घेऊन उतरत होता. तो भिंतीला चिकटून उभा राहिला आणि सवयीने "नमस्कार मॅडम" म्हणाला.

रांगेत आम्ही पंचवीस मिनिटं होतो. रांग एक पाऊल सरकली की ती एक पाऊल सरके. अख्ख्या रांगेत योग्य अंतर ठेवणारी ती एकटीच. पोपटवाले आजोबा थकून तिला टेकले, तेही तिने चालवून घेतलं. अभिलेख कक्षाच्या दारात एक लोखंडी कपाट तीन वर्षांपासून अडकलेलं होतं, त्यामुळे आतली एकही फाईल निघत नव्हती. शिपायाने कपाटाकडे पाहिलं, घोडीकडे पाहिलं, दोरी आणली. "जरा?" त्याने बाबांना विचारलं. घोडीने एक पाऊल मागे घेतलं, दार मोकळं झालं. खिडकी चारच्या बाई उठून आत डोकावून आल्या आणि डोळे पुसत म्हणाल्या, "माझी छत्री सापडली."

एवढ्यात साहेब केबिनमधून बाहेर आले. "हे काय आहे?"

"अपील क्रमांक एकोणतीस, साहेब," बाबा म्हणाले.

"घोडी वर का आणली?"

बाबांनी पत्र पुढे केलं. साहेबांनी ओळ वाचली. "अहो, हे छापील आहे. सगळ्यांना जातं. कोणी खरंच आणत नाही!"

"मी छापील वाचतो, साहेब. चौतीस वर्षं तेच केलं."

साहेबांनी फाईल चाळली. "शेरा स्पष्ट आहे. एका कामाचं नाही. निरुपयोगी."

आणि तेव्हा बाबांचा आवाज चढला. मी तो कधी ऐकला नव्हता. आईनेही नसेल.

"साहेब, या कार्यालयात एकच काम करणारा एक माणूस मला दाखवा! एक! मी घोडी घेऊन जातो आणि स्वतःच्या हाताने कोंडवाड्यात बांधतो!"

  मग खिडकी चारच्या बाई हळूच म्हणाल्या, "पाच आणि सहा नंबरची खिडकीही मीच बघते, साहेब. आणि प्रिंटर. आणि परवा तुमच्या मुलीचा विज्ञानाचा तक्ता मीच रंगवला."

साहेब खुर्ची ओढून घोडीच्या शेजारीच बसले. माणूस वाईट नव्हता. "फॉर्म मुख्यालयातून छापून येतो," ते खालच्या आवाजात म्हणाले. "माझ्याकडे पाच चौकोन आहेत. सहावा मी कुठून आणू? आता कृपा करा, हिला खाली न्या."

पण घोडा जिना चढतो, उतरताना अडतो. मॅडमनी पहिल्या पायरीवरून खाली पाहिलं आणि मागे सरल्या. एक वाजला, दोन वाजले. मुख्यालयातून साडेतीनला तपासणीचं पथक येणार होतं, असं साहेबांना आठवलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. शेवटी बाबांनीच उपाय सांगितला. साहेबांच्या केबिनमधला हिरवा गालिचा काढून जिन्यावर अंथरला. हिरवं दिसताच घोडी शांतपणे चालू लागली, सरळ रेषेत, गवत कापत कापत, थेट रस्त्यापर्यंत.

पथक यायच्या आत खिडकी चारच्या बाईंनी एक पत्र टाइप करून साहेबांची सही घेतली. 'आज रोजी या कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर कोणताही घोडा आलेला नाही. अर्जदारांकडे घोडा असल्याचे या कार्यालयास ज्ञात नाही. सबब त्यांच्याविरुद्ध कारवाईचा प्रश्न उद्भवत नाही.'

सेक्रेटरींनी ते दोनदा वाचलं आणि या वेळी पाणी मागितलं नाही. "कार्यालय म्हणतं घोडा नाही, म्हणजे नाही," ते आनंदाने म्हणाले. "पण मग माझ्या कुंडीतली रोपं कोणी खाल्ली?"

"त्याची चौकशी लावावी लागेल," वकीलकाका म्हणाले. "काळ्या शाईने अर्ज करा."

तेव्हापासून घोडी शेडमध्ये आहे. बाबा खाली असतात, खुर्ची रिकामी असते. काल खाली जाताना त्यांनी दारात थांबून आईला "चला मॅडम, येताय का?" असं विचारलं. आईने चपला शोधायला फारच वेळ लावला. पण ते पत्र बाबांनी अजून कपाटात ठेवलेलं नाही. टेबलावर असतं. परवा त्यावर बोट ठेवून म्हणाले, "म्हणजे ती आहे, पण कुठे नोंद नाही."

"हो, पण कोणी नेणार नाही, बाबा."

"ते ठीक आहे," ते म्हणाले. "पण हे माझ्या ओळखीचं आहे."

म्हणून हा अर्ज मी लिहिला आहे. नव्या चौकोनाचं नाव मी 'सर्व' असं ठेवलं होतं, ते बाबांनी बदललं. शेवटचा भाग त्यांनी खोडायला सांगितला आहे. मी खोडलेला नाही.

मा. पशुनोंदणी अधिकारी यांस,
विषय: नमुना सातमध्ये दुरुस्ती करणेबाबत.

महोदय, आपल्या पत्रानुसार जो घोडा आपल्याकडे आलेला नाही, त्याच्या संदर्भात हा अर्ज सादर करीत आहे. सुनावणी ठेवल्यास अर्जदार जनावरासह समक्ष हजर राहतील. जिना दोघांच्याही परिचयाचा आहे. तरी विनंती की, नमुना सातमधील पाच चौकोनांखाली 'पडेल ते' असा सहावा चौकोन वाढवावा, आमच्या घोडीची नोंद त्यात करावी, आणि सदर चौकोन चौतीस वर्षांच्या पूर्वलक्षी प्रभावाने लागू करून त्याची एक प्रत उद्यान खात्याकडे पाठवावी व ती माझ्या वडिलांच्या सेवापुस्तकात, पान अठरावर, आधीच्या शेऱ्याच्या वरून चिकटवण्यात यावी.